मैदान वाचवण्याचा माझा कार्यक्रम

३ फेब्रुवारी, सकाळी
युद्धाला तोंड फुटलं.

विद्यापीठाचं चकचकीत पत्रक दाराच्या फटीतून आत पडलं. आमच्या लार्च लेनच्या मागे त्यांच्या मालकीचं जे टॅनर्स फील्ड नावाचं मैदान आहे, त्यावर ते विद्यार्थ्यांसाठी चार मजली वसतिगृह बांधणार. तीनशे खोल्या. पत्रकावर हसणाऱ्या मुलामुलींचा फोटो. हसतील नाहीतर काय. आमच्या परसातलं ऊन त्यांच्या खिडकीत जाणार.

हिलरीला मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणून तिनं निदान चमचा तरी आपटावा. ती म्हणाली, त्या मैदानावर तू शेवटचा कधी गेला होतास? मी म्हणालो, प्रश्न तो नाही. ती म्हणाली, तुझी टोपी उडाली होती तेव्हा.

संकल्प: मैदान वाचवणे. बिस्किटं बंद. रोज अर्धा तास चालणे, आणि तेही मैदानावरच.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
पाऊस. चालणं उद्यापासून. एक बिस्किट, तेही फुटकं होतं म्हणून.

९ फेब्रुवारी
आमच्या दिवाणखान्यात कृती समितीची पहिली बैठक. आठ माणसं. त्यातली निम्मी हिलरीच्या केकसाठी आली होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. अध्यक्ष म्हणून माझी बिनविरोध निवड. दुसरं कोणी तयारच नव्हतं. यालाच विश्वास म्हणतात.

सगळा वेळ कचऱ्याच्या डब्यांवर गेला. एकोणीस नंबरातले विद्यार्थी बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात पिझ्झ्याचे खोके टाकतात. पाच पोरांनी हा गोंधळ, तर तीनशे काय करतील, असा मी सवाल टाकला. सगळ्यांनी माना हलवल्या आणि केक घेतला.

मग पंधरा नंबरच्या मिसेस ट्रँटर बोलल्या. वय एकोणऐंशी. त्यांचं मस्टर्ड नावाचं म्हातारं कुत्रं खुर्चीखाली घोरत होतं. त्या म्हणाल्या, डबे राहू द्या, कायदा बघा. आसपासच्या लोकांनी एखादं मैदान सलग वीस वर्षं उघडपणे वापरलं असेल, दांडगाई न करता आणि कोणाचीही परवानगी न घेता, तर त्याची गावाचं ‘ग्रीन’ म्हणून नोंद करून घेता येते. एकदा नोंद झाली की तिथे कोणाच्या बापाला वीट ठेवता येत नाही.

कोणी तरी विचारलं, आणि परवानगी घेतली असेल तर? त्या म्हणाल्या, मग सगळं मुसळ केरात. परवानगी घेतली की तुम्ही पाहुणे. पाहुणा कितीही वर्षं आला तरी घर त्याच्या नावावर होत नाही.

मला एका क्षणात समजलं. उभी नोकरी नगरपालिकेच्या पार्किंग परवाना खात्यात गेली आहे. परवाना म्हणजे काय हे क्लाइव ऑटवेला शिकवायला नको.

१७ फेब्रुवारी
घरोघर फिरून जबान्या गोळा करतो आहे. वैताग.

मैदान वापरता का? वा, नेहमीच! कधी? चहा घेणार का? सात नंबरचे पास्क म्हणाले, मी रोज वापरतो, खिडकीतून. बघणं धरत नाहीत म्हणून सांगितलं तर रुसले. एका बाईंनी एकदा तिथे भांडून मोकळं रडून घेतलं होतं. तेही लिहून घेतलं. करमणूक या सदरात.

मिसेस ट्रँटरची जबानी मात्र खणखणीत. एकतीस वर्षं, रोज सकाळी, एकामागून एक तीन कुत्री.

माझी स्वतःचीही लिहिली. ‘गेली बावीस वर्षं सर्व ऋतूंमध्ये मैदानाचा विविध प्रकारे उपभोग घेतला.’ हिलरीनं विचारलं, टोपीचं लिहिलंस का?

२ मार्च
अपमानाचा दिवस. हिशेब जुळवला तर मैदानाचा खरा वापर कोण करतं? विद्यार्थी. फ्रिस्बी, फुटबॉल, आणि नुसतं उताणं पडणं. मिसेस ट्रँटर म्हणाल्या, ती पोरंही याच गल्लीत राहतात, म्हणजे तीही आपलीच. जा, जबान्या आण. मी म्हणालो, शत्रूकडून? त्या म्हणाल्या, शत्रू विद्यापीठ आहे, पोरं नव्हेत; डोकं ठिकाणावर ठेव.

गेलो. एकोणीस नंबरच्या दारात सुपरमार्केटची ट्रॉली, तिच्यात तुळशीसारखं काही तरी लावलेलं. इमोजेन नावाच्या मुलीनं दार उघडलं आणि थेट ‘ये ना, क्लाइव’. ओळख ना देख. आत बसवलं. तिच्या खोलीच्या भिंतीवर बुरशी, इतकी की रविवारची भाजी व्हावी. मी म्हणालो, मग तुम्हाला वसतिगृह हवंच असेल. ती म्हणाली, हवंच आहे, पण प्राध्यापकांच्या गाड्यांचा तळ अर्धा ओसाड पडलेला असतो, तिथे बांधा की. मैदान कशाला खाता?

हा मुद्दा संध्याकाळपर्यंत मला सुचलाच असता.

पाच जबान्या मिळाल्या. निघताना डब्यांचा विषय काढला. ती म्हणाली, सॉरी, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मी रंगीत आकृती काढून दिली.

२१ मार्च
विद्यापीठानं माणूस पाठवला. फ्रेया लॉक्सली. ‘शेजारी-संबंध अधिकारी’ असं काहीसं पद. मी आरशात कडक चेहरा करून बघितला होता. तिनं घरचं शॉर्टब्रेड आणलं. राजनैतिक कारणास्तव बिस्किटबंदी स्थगित.

काय गोड मुलगी! सगळं ऐकून घेते, लिहून घेते, मान हलवते. म्हणाली, मिस्टर ऑटवे, तुम्हाला मैदानावर काहीही करायचं असेल तर फक्त एकदा विचारत जा, आम्ही नाही म्हणणारच नाही. तोंडात साखर. अशी चार माणसं आमच्या खात्यात असती तर लोकांनी पार्किंगवरून माझ्या अंगावर कॉफी फेकली नसती.

कुंपणावरून मिसेस ट्रँटरना सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, क्लाइव, त्या पोरीला काही म्हणजे काही विचारायचं नाही. किती वाजले हेसुद्धा नाही.

म्हातारपणी माणूस संशयी होतो.

१५ जून
मैदानावर समितीची सहल. उद्देश: वापर दिसावा, फोटो निघावेत.

दुसऱ्याच्या जमिनीवर चटया पसरायच्या आणि कोणाला एक शब्द नाही? फ्रेयाला फोन करावा, नुसतं कळवावं, असं फार वाटलं. दोनदा फोन उचलला. दुसऱ्यांदा हिलरीनं हातातून काढून घेतला आणि पावाच्या डब्यात ठेवला.

गेलो. पोरांनी पतंग आणले होते. मिसेस ट्रँटर खुर्ची टाकून मधोमध बसल्या, महाराणीसारख्या. काकडीचं सँडविच चोरून खाल्ल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात गवत कापायच्या गाडीवरून विद्यापीठाचा माळी गेला. मी उठून त्याला ‘सॉरी’ म्हणालो. तो म्हणाला, कशाबद्दल?

तरीही परवानगी मागितली नाही. माझ्या मनोनिग्रहाची कोणी दखल घेतली नाही.

३० जून
‘ग्रीन’च्या नोंदीचा अर्ज काउंटीकडे दाखल. साप्ताहिकात फोटो. मस्टर्ड पूर्ण, माझा अर्धा कान.

१ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प: मैदान जिंकणे. बिस्किटं कायमची बंद. चालणे. (गेल्या वर्षी मैदानावर तीनदा गेलो. त्यातला एकदा ओलं होतं म्हणून कडेनंच परत.)

काल पास्क यांच्याकडे नववर्षाची पार्टी. मिसेस ट्रँटर माझ्या शेजारी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, वसतिगृह उभं राहिलं तर मी हे घर सोडून क्रोमरला बहिणीकडे जाणार. नवरा गेल्यावर त्या सहा महिने बिछान्यातून उठल्या नव्हत्या म्हणे. मग एके सकाळी कुत्र्यानं दार खरवडलं, त्या कोट चढवून मैदानात गेल्या, आणि तेव्हापासून रोज त्यासाठीच उठतात. बहिणीशी त्यांचं पटत नाही. पण चार मजल्यांच्या भिंतीकडे बघत चहा पिणं जमणार नाही म्हणाल्या.

मी त्यांना केक आणखी हवा का, असं विचारलं.

ही लढाई मी त्यांच्यासाठी जिंकणार. लिहून ठेवतो.

११ मे
उद्यापासून सुनावणी. काउंटीनं एक निरीक्षक नेमला आहे, तो सगळ्यांचं ऐकून निकालाची शिफारस करणार. विद्यापीठानं लंडनहून बॅरिस्टर आणला आहे. येऊ दे. असे छप्पन्न बॅरिस्टर मी परवाना खात्याच्या खिडकीवरून परत पाठवलेत.

मिसेस ट्रँटरनी मला एकच धडा दिला. परवानगीचा प्रश्न आला की म्हणायचं: नाही, कधीच नाही. बस्स. पुढे शेपूट लावायचं नाही. दहादा म्हणवून घेतलं. हिलरी इस्त्री करता करता बॅरिस्टर झाली. कधी विचारलंत? नाही, कधीच नाही. कोणाला विचारलंत? नाही, कधीच नाही. जेवायला काय हवंय? नाही, कधीच नाही. ती हसून हसून बेजार. मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१२ मे
टाउन हॉलची वरची खोली. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. निरीक्षक बारीक, गंभीर, सारखा पेन्सिल तासणारा.

मिसेस ट्रँटरनी खोली जिंकली. बॅरिस्टर म्हणाला, एकतीस वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही? त्या म्हणाल्या, समुद्रावर जाताना तुम्ही कोणाला विचारता? लोक हसले. निरीक्षकही हसल्यासारखा वाटला.

इमोजेननंही बरं सांगितलं. परवानगी? डोक्यातच आलं नाही, म्हणाली. मैदान होतं, गेलो. पायात चपला होत्या, म्हणजे त्या पावाला भोकं पडल्यासारख्या दिसतात तसल्या. हल्लीच्या पिढीला वळण नाही हे खरंच. आमच्या बाजूची असली म्हणून काय झालं.

उद्या मी.

१३ मे
विजय! निर्विवाद!

बॅरिस्टर सुरुवातीला मऊ होता. किती वर्षं राहता, काय नोकरी होती. परवाना खातं म्हटल्यावर तो आदरानं जरा झुकला. म्हणाला, म्हणजे नियमानं वागणारा माणूस. मी म्हणालो, तसं म्हणता येईल. पहिले तीन प्रश्न ‘नाही, कधीच नाही’नं उडवले. मिसेस ट्रँटर पहिल्या रांगेत, मांडीवर हात घट्ट धरून.

मग त्यानं पवित्रा बदलला. म्हणाला, मिस्टर ऑटवे, तुमच्या परसात एखादं अनोळखी कुटुंब रोज येऊन जेवत बसलं आणि तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही, तर अशा लोकांना तुम्ही काय म्हणाल? मी म्हणालो, उद्धट. मग काय म्हणणार? तो म्हणाला, बरोबर. म्हणजे लार्च लेनचे रहिवासी वीस वर्षं उद्धटपणे दुसऱ्याच्या जमिनीत घुसत होते, आणि तुम्ही अध्यक्ष या नात्यानं इथे त्याची ग्वाही द्यायला आला आहात, असं मी लिहून घेऊ का?

उद्धट! आम्ही! ज्या गल्लीत गवत कापायचं यंत्र रविवारी दुपारच्या आत कोणी चालू करत नाही!

माझं रक्त उसळलं. उठून उभा राहिलो. म्हणालो, सर, हे मी ऐकून घेणार नाही. लार्च लेनमध्ये सभ्य माणसं राहतात. आम्ही नेहमीच विचारत आलो. दर वर्षी. मी जातीनं फोन करत असे, आणि नंतर आभारही मानत असे.

बॅरिस्टरनं एकवार माझ्याकडे बघितलं, मान लववली, म्हणाला, मनापासून आभारी आहे, मिस्टर ऑटवे, मला आणखी काही विचारायचं नाही, आणि बसला. त्याची बोलतीच बंद झाली!

मिसेस ट्रँटर लगेच उठून गेल्या. मस्टर्ड घरी एकटा असेल.

१४ मे
गल्लीत कोणी बोलत नाही. दडपण असणार निकालाचं.

हिलरीनं न्याहारीला विचारलं, फोन कोणाला करत होतास रे दर वर्षी? मी म्हणालो, ते शब्दशः नव्हतं, ते भावनेनं होतं. ती म्हणाली, भावनेनं फोन करता येतो हे मला माहीत नव्हतं. मग ताटली घासायला घेतली आणि बराच वेळ तीच एक ताटली घासत राहिली.

कायद्यात एका वाक्यानं काही होत नसतं. बाकी सगळ्यांच्या जबान्या आहेतच की.

बिस्किटं: मोजली नाहीत.

४ सप्टेंबर
निरीक्षकाचा अहवाल आला. माझ्याबद्दल अख्खा परिच्छेद! उतरवून ठेवतो: ‘मिस्टर ऑटवे हे सौजन्यशील आणि प्रामाणिक साक्षीदार वाटले. रहिवासी दर वर्षी परवानगी मागत असत, हे त्यांनी स्वतःच्या बाजूचं नुकसान होत असतानाही निःसंकोचपणे सांगितलं. म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायला हवा.’

सौजन्यशील. सरकारी कागदावर.

पुढे आणखी काही पानं आहेत. नोंद नाकारली. वापर परवानगीनं झालेला असल्यामुळे हक्क निर्माण होत नाही, वगैरे. वसतिगृहाचा मार्ग मोकळा.

पास्क कुंपणाशी येऊन म्हणाले, जाऊ दे, प्रयत्न केलास. आमच्याकडे हे शिवी द्यायची नसेल तेव्हा म्हणतात.

मी हिलरीला म्हणालो, निरीक्षकानं एकट्या माझ्याच बोलण्यावर भिस्त ठेवली, हे चूकच. ती म्हणाली, हो, आम्ही पण तीच चूक केली.

१९ सप्टेंबर
विद्यापीठाकडून फुलं. फ्रेयाचं कार्ड: तुमच्यासारखे शेजारी लाभणं हे आमचं भाग्य. त्यांच्या ‘सुजाण शेजारी मंडळा’वर यायचं निमंत्रण. वर्षातून दोन बैठका, सोबत अल्पोपाहार.

आतून सुधारणा करता येईल, असा विचार मनात आला. खिडक्यांना पडदे हवेत, गच्चीवर गाणी नकोत. कोणी तरी ठणकावून सांगायला हवं.

फुलं दिवाणखान्यात ठेवली. संध्याकाळी ती खतासाठीच्या ढिगावर सापडली. हिलरीला काही विचारायची हिंमत झाली नाही.

मिसेस ट्रँटरच्या दारात ‘विकणे आहे’ची पाटी.

१० ऑक्टोबर
गेल्या आठवड्यात मैदानाला पत्र्याचं कुंपण घातलं. हिरवं रंगवलंय. कोणाला वाटलं असेल शोभेल म्हणून.

त्याच सकाळी खिडकीतून दिसलं: मिसेस ट्रँटर कोट घालून पत्र्यापर्यंत आल्या. मस्टर्ड पत्रा हुंगत बसला. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

त्यांच्याकडे जायला हवं. संकल्प: उद्या जाणे.

१४ ऑक्टोबर
डोकं दुखत होतं. उद्या.

१७ ऑक्टोबर
आज इमोजेन भेटली. मला वाटलं, वाद घालेल. ती एवढंच म्हणाली, क्लाइव, तू खोटं का बोललास? मी म्हणालो, खोटं नव्हतं ते, गल्लीच्या अब्रूचा प्रश्न होता. ती म्हणाली, आमची अब्रू गेली असती तरी चाललं असतं.

लहान आहे. तिला काय कळणार.

रात्रीचे तीन वाजले, झोप नाही.

२८ ऑक्टोबर
मिसेस ट्रँटर आज गेल्या.

खोकी उचलायला मी गेलो होतो. न बोलावता गेलो. त्यांचा भाचा गाडी घेऊन आला होता. स्वयंपाकघर रिकामं. खिडकीबाहेर हिरवा पत्रा आणि त्याच्यावरून डोकावणारी क्रेन. मी कपबशांचं खोकं धरून उभा राहिलो. म्हणालो, मिसेस ट्रँटर, मला वाईट वाटतं, फार फार वाईट वाटतं. एवढंच येत होतं.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, क्लाइव, मी आयुष्यभर सगळं विचारून केलं. आईला विचारलं, नवऱ्याला विचारलं, डॉक्टरला विचारलं. नवऱ्याला कुठे पुरायचं तेही त्याच्या भावाला विचारलं. एवढं एकच मैदान होतं, जिथे मी रोज कोणालाही न विचारता शिरत होते. अंगात वारं भरल्यासारखं वाटायचं. त्या माणसानं तुला उद्धट म्हटलं, आणि तुला ते पाच मिनिटं सोसवलं नाही. पाच मिनिटं, क्लाइव.

मस्टर्डला उचलून त्या गाडीत बसल्या. काच खाली केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही तरी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. भाच्यानंही इंजिन चालू केलं नाही.

मी म्हणालो, सांगितल्याबद्दल आभारी आहे.